म्हात्रे मॅडमचा अंधार

संध्याकाळी घरात ट्यूबलाईट लावली की मी अजून दचकतो. वरून कुठून तरी "कोनी लावली लाईट?" असा आवाज येईल असं वाटतं. तुळिंजच्या आमच्या इमारतीत डोक्यावर एक सालस गुजराती कुटुंब राहतं, ते बिचारे कशाला ओरडतील. पण सवय जात नाही. बायको म्हणते, "त्या बाईने तुम्हाला कायमचं बिघडवून ठेवलंय." मी वाद घालत नाही.

ती बाई म्हणजे कुंदा म्हात्रे. आमच्या गाळ्यातल्या म्हात्रे मॅडम.

गाळा वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत होता. शेजारी एकीकडे नकली दागिन्यांना मुलामा देणारे, दुसरीकडे प्लास्टिकच्या बादल्या. त्या दोघांचा माल काय हे कुणालाही सांगता यायचं. आमचा माल काय हे मला माझ्या सासुरवाडीत आजतागायत समजावता आलेलं नाही. आमच्याकडे टंगस्टेटचे क्रिस्टल यायचे, काचेच्या जाड कांड्यांसारखे, हातात घेतले की वजनाने फसवणारे. आम्ही त्यांचे बारीक तुकडे कापायचो, घासायचो, आरशासारखे गुळगुळीत करायचो आणि तपासून, काळ्या पाकिटांत भरून, स्कॅनिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवायचो. इस्पितळात माणसाला ज्या गोल यंत्रात आडवं सरकवतात, त्याच्या कड्यात असे तुकडे रांगेने बसवलेले असतात. क्ष-किरण येऊन आपटला की तुकडा निळसर हिरवा उजेड देतो आणि त्या उजेडावरून पुढे फोटो तयार होतो. घासायचं काम आमचा कारागीर वैती ह्याच्याकडे, तपासायचं मॅडमकडे, पाठवायचं माझ्याकडे. म्हणजे उशीर झाल्याच्या शिव्या खायचं काम माझ्याकडे, आणि उशीर करायचं काम वर पोटमाळ्यावर अंधारात बसलेल्या मॅडमकडे.

तो पोटमाळा म्हणजे एक संस्थानच होतं. खिडकीला काळा कागद, त्यावर आणखी काळा कागद, फटींना काळी पट्टी. दाराला दोन जाड पडदे आणि मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा. पहिला पडदा पाठीमागे पूर्ण पडल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मोबाईल बाहेर सुपात ठेवायचा. सूप म्हणजे खरंच तांदूळ पाखडायचं सूप, गावाहून आणलेलं. माझ्या लग्नातल्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात असा शोध लागल्यावर तेही त्या सुपात जायला लागलं. शेठचा मोबाईल, वैतीची चुन्याची डबी आणि माझं घड्याळ अशी त्रिमूर्ती त्या सुपात कित्येकदा शेजारी शेजारी पडलेली असायची. चुन्याच्या डबीने काय गुन्हा केला होता हे वैतीला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की मॅडम म्हणायच्या, "बाहेर ठेवायचं म्हणजे सगळं बाहेर ठेवायचं."

बाई अंगाने लहानखुऱ्या. सुती साडी, पायात रबरी चप्पल, पिशवीत भाकरी आणि सुकट. मुंबईच्या विद्यापीठातून क्रिस्टलमध्येच डॉक्टरेट केलेली, पण गाव खाडीकाठचं आणि वडील मिठागरात राबलेले. बोलायच्या शुद्ध, पुस्तकातलं. पारा चढला की मात्र ण कुठल्या कुठे जायचा आणि गाव बाहेर यायचं. पडद्याआडून "कोण आहे?" असं आलं तर मी आत जायचो. "कोन हाय?" असं आलं तर जिन्यावरूनच मागे फिरायचो. वडिलांचं एक वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकवायच्या, "मीठ धरायच्या आधी पावडा घातलास तर हाती चिखल येतो." पावडा म्हणजे मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी हत्यार. आमच्या घरी मीठ पिशवीतून येतं, त्यामुळे ह्यावर मला काही उलट बोलता येत नसे.

मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं.

"साळवी, दिवा विझवता येतो तुम्हाला?"

"त्यात काय मॅडम, बटण दाबलं की विझतो."

"तुम्हाला दिसतो तेवढाच विझतो," त्या म्हणाल्या आणि मला अंधारात स्टुलावर बसवून शिकवायला लागल्या. क्रिस्टल उजेड किती देतो हे कोणीही सांगेल, तो विझतो कसा हे बघायचं असतं. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले दहा-पंधरा होईपर्यंत टंगस्टेटचा उजेड बराचसा ओसरतो. मला हे अतिशय झटपट वाटलं, पण त्यांच्या मते टंगस्टेट हा त्या बाबतीत आळशी गडी. त्या ओसरण्यातही एक भाग पटकन जाणारा, एक सावकाश जाणारा. आणि एखाद्या तुकड्यात आतून काही दोष असला तर सगळं संपल्यावरही थोडा उजेड मागे रेंगाळतो, कधी मिनिटं, कधी तासही.

"मग रेंगाळला तर रेंगाळला," मी म्हटलं. "तेवढाच जास्त उजेड."

त्या म्हणाल्या, "यंत्र माणसाभोवती फिरतंय, साळवी. आधीच्या जागेचा उजेड विझला नाही आणि पुढच्या जागेचा आला, तर दोन्ही मिसळणार. तिथे कोणाच्या तरी मेंदूचा फोटो निघणार आहे. नसलेला डाग दिसेल, नाहीतर असलेला लपेल. आता सांगा, जास्त उजेड हवाय तुम्हाला?"

शिवाय नुसत्या दिवसाच्या नाहीतर ट्यूबलाईटच्या उजेडात पडलेला तुकडाही थोडाबहुत उजेड धरून बसतो. म्हणून प्रत्येक तुकडा तपासण्याआधी अंधारात पडून राहायला हवा. "विझू दे आधी," हे त्यांचं पालुपद. गाडी उभी आहे, विझू दे आधी. कंपनीचा फोन आलाय, विझू दे आधी. पुन्हा तेवढ्यावर भागत नसे. यंत्र आकडा देत असे, तरी प्रत्येक खोक्यावर शेवटची नजर त्या स्वतः टाकायच्या. यंत्र किती ते सांगतं, डोळा कुठे ते सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोळ्यालाही अंधाराची सवय व्हायला वेळ द्यायला हवा. म्हणजे आधी क्रिस्टल थांबणार, मग डोळा थांबणार, आणि खाली टेम्पोवाला बिड्या ओढत थांबणार.

हा कायदा त्यांनी माणसांनाही लावला होता. खाली कुणाचं भांडण जुंपलं की त्या जिन्यावर येऊन उभ्या राहायच्या आणि दोघांकडे टक लावून बघायच्या. सोडवायच्या नाहीत. शेठ ओरडायला लागले की त्यांच्याकडेही तसंच बघायच्या, यंत्राच्या पडद्यावर उजेड ओसरतानाची रेघ बघावी तसं, आणि त्यामुळे शेठ आणखी ओरडायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शेठचा पहिला भाग पटकन जातो. दुसरा भाग शनिवारपर्यंत राहील. तोवर रजा मागू नका." मी ऐकलं नाही, शुक्रवारी मागितली, मिळाली नाही. त्यांचं बरोबर निघायचं, हाच त्यांचा सगळ्यात मोठा वैताग होता.

मी एकदा विचारलं, "आणि माझं काय, मॅडम?"

"तुमचा राग मोजण्याइतका नसतोच," त्या म्हणाल्या. "नुसती कुरकुर. ती मात्र कायम चालू."

हे मला लागलं. अजून लागतं.

हे सगळं चालून जात होतं, कारण गाळा चालत होता. मग बाहेरच्या देशातून तयार तुकडे स्वस्तात यायला लागले आणि आमच्या ऑर्डरी आटल्या. शेठने, म्हणजे आमच्या जिग्नेशभाईंनी, सगळ्यांना खाली उभं करून सांगितलं, "देखो, बेंगलोरच्या पार्टीचा हा पहिला लॉट आहे. टाइमवर गेला, पास झाला, तर आपण आहोत. नाय गेला तर मी गाळा प्लायवुडवाल्याला देऊन टाकणार. खोटं नाय बोलत." खोटं ते बोलतच नव्हते. प्लायवुडवाला येऊन गाळ्याची लांबी पावलांनी मोजून गेला होता. वैती अर्नाळ्याकडचा, त्याच्या भावांच्या होड्या विकून झालेल्या, सगळं घर त्या घासायच्या चाकावर चाललेलं. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. मॅडमनी विचारलं, "तुकडे माझ्याकडे कधी येणार?"

त्याच दिवसांत माझ्या मुलीचा साखरपुडा होता, तुळिंजलाच एका हॉलमध्ये. मी मॅडमना बोलावलं, कारण न बोलावणं बरं दिसलं नसतं. त्या येणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या आल्या. डोळ्यांवर लालभडक काचांचा, कडेने रबर लावलेला, वेल्डिंगवाल्याने घालावा असा चष्मा. ठेवणीतली साडी आणि तो चष्मा. हॉलमधलं बोलणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद पडत गेलं.

विहीणबाईंनी आधी नातवाला उचलून कडेवर घेतलं, मग मला विचारलं, "त्यांचे डोळे आलेत का हो? साथ आहे म्हणतात."

"नाही हो, त्या शास्त्रज्ञ आहेत," मी म्हणालो. ह्याने त्यांचं काही समाधान झालं नाही. त्या दोन खुर्च्या मागे सरकल्या आणि त्यांच्याबरोबर मुलाकडची अख्खी रांग सरकली.

मी मॅडमपाशी गेलो. "अहो, निदान इथे तरी काढा."

"कसा काढू? बेंगलोरचे नमुने अंधारात आहेत. इथून परत जायचंय मला. उजेड लाल काचेतून आला तर डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाही. हा काढला आणि तुमच्या फोटोग्राफरने एक फ्लॅश मारला की माझी संध्याकाळ गेली." मग स्टेजकडे बघून म्हणाल्या, "मुलगा चांगला दिसतो."

मी जरा सुखावलो.

"अर्थात लाल काचेतून सगळेच चांगले दिसतात," त्या म्हणाल्या.

मग त्या व्यवस्थित जेवल्या, श्रीखंड पुन्हा मागून घेतलं, आणि मुलीला-जावयाला जवळ बोलावून सांगितलं, "पहिलं भांडण झालं की लगेच निकाल लावायला बसू नका. विझू दे आधी." अल्बममधल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत कोपऱ्यात तो लाल चष्मा आहे. विहीणबाई अजून विचारतात, बऱ्या झाल्या का त्या.

आता खंडेनवमीचं सांगतो. आमच्या वसाहतीत त्या दिवशी गाळ्यागाळ्यात हत्यारांची पूजा होते. यंत्रं धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडूची तोरणं, नारळ, पेढे, दुपारनंतर सुट्टी. त्या वर्षी सुट्टी नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी दसरा आणि बेंगलोरचा लॉट नवमीलाच दुपारी टेम्पोत चढायला हवा होता. मोजमाप होऊन तुकडे पास झालेले होते. पोटमाळ्यावर खोक्यांत विसावले होते. मॅडमची शेवटची नजर आणि सही, एवढंच राहिलं होतं. मॅडम सकाळी उशिरा येणार होत्या. त्यांच्या घरी वडिलांच्या मिठागरातल्या पावड्याची पूजा असते, ती भावाने नाही, त्यांनीच करायची असते.

इकडे वैतीच्या मनात भक्ती दाटून आली. "साळवीभाऊ," तो मला म्हणाला, "दरसाल आपन यंत्रांना फुलं वाहतो आनि ज्याच्यावर पोट हाय तो माल काळोखात. लक्ष्मीला काळोखात ठेवून यंत्रांना दिवे लावायचे, हे बरं हाय काय?"

ह्यात खोडण्यासारखं काय होतं? हातमोजे घालून, अगदी जपून, त्याने सगळी खोकी खाली आणली. गाळ्याच्या दारात पाट मांडला, त्यावर पांढरं कापड, त्यावर टंगस्टेट. सकाळचं ऊन थेट दारात येत होतं. ते तुकडे असे काही झळकले की बादल्यांच्या कारखान्यातली माणसं बघायला आली. वैतीने पाटाला हळदकुंकू वाहिलं आणि थोडं तुकड्यांवरही शिंपडलं. शेठने फोटो काढून स्टेटसला लावला. मीही हात जोडले आणि गाळा वाचव म्हणून सांगितलं. मग पेढे वाटले गेले आणि माल तिथेच उन्हात राहिला, दुपार व्हायला आली तरी.

मॅडम रिक्षातून उतरल्या आणि दारातच थांबल्या. मी त्यांच्या तोंडून "कोनी" निघायची वाट बघत होतो. निघालं नाही. त्यांनी एक तुकडा उचलला, आयुष्यात कधी करत नसत तसा नुसत्या हाताने, उलटसुलट केला, खाली ठेवला. "हे कधीपासून उन्हात आहे?" एवढंच विचारलं. वैतीने सांगितल्यावर मान हलवली आणि म्हणाल्या, "प्रत्येक तुकडा स्पिरिटने पुसा आणि वर आणा." न ओरडलेल्या मॅडम मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेठ म्हणाले, "मॅडम, कालच पास केलेत ना तुम्ही? सही करा. टेम्पो येऊन उभा आहे."

"काल पास होते. आज मला माहीत नाही."

वर त्यांनी तपासणी पुन्हा सुरू केली. वैती आणि मी कोपऱ्यात. अतिनील दिव्याचा एक क्षणभराचा झोत तुकड्यावर मारायचा आणि त्याचा उजेड कसा ओसरतो ती रेघ पडद्यावर बघायची. एक झाला, दुसरा झाला, आणि मग एका तुकड्याच्या रेघेला सुरुवातीलाच बारीक काटा उभा राहिला.

"ह्याला हळद लागलीय," मॅडम म्हणाल्या. हळदही त्या दिव्यात चमकते, पण टंगस्टेटच्या आधीच विझून मोकळी होते, म्हणून तो काटा. "कोनी पुसला हा?"

"मीच पुसला. आईशपथ, मॅडम, दोनदा पुसला," वैती रडकुंडीला आला. "हळदीचा कन नाय राहिला त्याच्यावर."

"यंत्र खोटं बोलत नाय, वैती. हळद हाय ही."

त्यांनी तुकडा पुन्हा दिव्याखाली धरला, आणि मला दिसलं. त्या जांभळट उजेडात मॅडमची स्वतःची बोटं पिवळीहिरवी चमकत होती. सकाळी वडिलांच्या पावड्याला लावलेली हळद नखांच्या कडेला तशीच होती आणि खाली दारात हाच तुकडा त्यांनी नुसत्या हाताने उचलला होता. पुसल्यावरही खोक्यात त्यांनीच परत ठेवला होता.

"मॅडम," मी म्हणालो, "तुमची बोटं बघा."

त्यांनी बघितली. बराच वेळ बघितली. "माझीच आहे," त्या म्हणाल्या. आणि मग अगदी समाधानाने, "म्हणजे यंत्र बरोबर चाललंय."

वैतीची माफी नाही, काही नाही. भिंत दिसत असती तर मी तिच्यावर डोकं आपटून घेतलं असतं.

खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता. मी खाली गेलो तर शेठ तपासणीचा कागद आणि पेन घेऊन उभे. "साळवी, तू कर सही. जबाबदार माणसाची पाहिजे, कोणाची पण चालेल. आकडे तर बरोबर आहेत ना?" आकडे बरोबर होते. मी कागद घेतला, पेन घेतलं आणि त्या बाईला सांगायलाच म्हणून तणतणत वर गेलो. पहिला पडदा, दुसरा पडदा.

"मॅडम, मी सही करतोय. बास झालं आता."

"करा," अंधारातून आवाज आला. "पण आधी बसा."

मी बसलो. का बसलो, देव जाणे. वैती आधीपासून बसलेला होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. काही दिसत नव्हतं. उदबत्तीचा वास वरपर्यंत येत होता. शेठ कुणाला तरी फोनवर "बस निकल रहा है" असं सांगत होते. मी मनातल्या मनात बाईला नाही नाही ते बोलून घेतलं. बोलण्यासारखं संपलं तरी अंधार तसाच होता. मग केव्हातरी मला समोर काहीतरी असल्यासारखं वाटलं. डोळ्यांचा भास म्हणून मी मान फिरवली. परत वळवली तर ते तिथेच. खोक्यातले बहुतेक सगळे तुकडे काळोखात बुडालेले, पण काहींच्या एकेका कोपऱ्यात निळसर हिरवा पुसट उजेड होता, कोकणात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर दिसतो तसा. सकाळचं ऊन त्यांनी सोडलं नव्हतं.

"दिसतंय?" मॅडमनी विचारलं.

"दिसतंय."

"मग करा सही."

मी पेन खिशात ठेवलं. वैती हळूच म्हणाला, "मॅडम, पन हे तर पास झालेले."

"झाले होते. तपासणीत उजेडाचा थोडा मार दिला तर थोडंच धरतात, कळत नाही. उन्हाने सकाळभर चोपलं तेव्हा कबूल झाले. हे दोषवाले सगळे एकाच कांडीच्या टोकाचे असणार."

मग वैतीच्या डोक्यात उजेड पडला. "म्हनजे आपन पूजा केली नसती तर..."

"वैती, गप्प बसा," मॅडम म्हणाल्या.

टेम्पो रिकामा परत गेला. नवीन तुकडे कापून, घासून, अंधारात ठेवून, तपासून लॉट गेला तेव्हा दसरा, कोजागरी सगळं होऊन गेलं होतं. बेंगलोरहून उत्तर आलं. एकही तुकडा नापास नाही, गुणवत्ता उत्तम, आणि वेळ पाळली न गेल्याने पुढची ऑर्डर दुसरीकडे दिली आहे. एकाच पत्रात दोन्ही. शेठनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मॅडम बरोबर होत्या आणि आम्ही बुडालो. लोक मला सांगतात की कुठेतरी कुणाच्या तरी आईच्या डोक्याचा फोटो त्यामुळे स्वच्छ निघाला असेल. असेल. त्या माउलीला मी ओळखत नाही. वैतीला ओळखतो. तो आता अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना नारळपाणी विकतो. दोन्ही एका तराजूत घालायला गेलो की मला राग येतो, आणि तो कुणाचा येतो हे नक्की कळत नाही. मॅडमचा येतो असं म्हणावं, तर त्या अंधारात जे दिसलं ते मी स्वतः पाहिलंय. सही माझ्याच्यानेही झाली नाही.

बारीकसारीक ऑर्डरींवर गाळा आणखी काही महिने तगला. त्या काळात मॅडमनी नवीन पद्धत काढली. प्रत्येक खोकं आधी दारातल्या उन्हात ठेवायचं आणि मग अंधारात न्यायचं. तिला त्यांनी "सौर पूर्वचाचणी" असं भारदस्त नाव दिलं, अहवालात टाईप केलं, आणि ती कुठून आली ह्याबद्दल कुठेही चकार शब्द लिहिला नाही. वैती दर वेळी उन्हातल्या खोक्याशेजारी गुपचूप झेंडूचं एक फूल ठेवायचा. मॅडम खोकं उचलायला आल्या की फूल बघायच्या, काही न बोलता उचलायच्या आणि केसांत खोवून वर जायच्या. ह्याहून जास्त कबुली त्यांच्याकडून कुणाला मिळाली नाही.

शेवटच्या दिवशी प्लायवुडवाल्याची माणसं खाली दरवाजाची रुंदी मोजत होती. यंत्रं विकली गेलेली. उरलंसुरलं सामान टेम्पोत चढवून मी मॅडमना बोलवायला वर गेलो. दोन्ही पडदे जागेवर होते. पहिला पाठीमागे पडू दिला, मग दुसऱ्याला हात लावला. मनगटावरचं घड्याळ काढून सुपात ठेवलंही होतं.

आत मॅडम नुसत्या बसल्या होत्या.

"प्लायवुडवाल्याला खिडकी मोकळी हवी असेल," त्या म्हणाल्या. "कागद काढून देते."

"वैतीला सांगतो ना."

"नको. मी लावलेत."

त्या खुर्चीवर चढल्याचा आवाज आला, मग नखाने चिकटपट्टी उचकटल्याचा. जुना कागद वरपासून खालपर्यंत एकदम फाटला आणि दुपारचं ऊन धाडकन आत आलं.

"कोनी उघडलं?" मॅडम ओरडल्या.

फाटलेला कागद त्यांच्याच हातात होता. खोली मी पहिल्यांदाच उजेडात बघत होतो. पोपटी भिंती, ओलीचा एक मोठा डाग, कुठल्या तरी जुन्या वर्षाचं देवीचं कॅलेंडर, आणि खुर्चीवर उभी असलेली एक लहानशी बाई, डोळे गच्च मिटलेली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मलाही येत होतं, आणि मी उन्हाचं निमित्त सांगणार नाही.

मी हात पुढे केला. "उतरा मॅडम. टेम्पोवाला थांबलाय."

"थांबू दे, साळवी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "आधी दिसू दे."

मी थांबलो. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.